राजेशाही पागांचे कौतुक करावे, पण नेमके कशाचे?

होटगीरोडकर:
सप्रेम नमस्कार. माझ्या मावसभावाने गेल्या दिवाळीच्या सुमारास अकलूजच्या घोडेबाजारातून दोन मारवाडी घोड्या घेतल्या आणि आता मोहोळजवळच्या शेतात तो त्यांच्यासाठी पागा बांधतो आहे. त्या निमित्ताने आम्ही दोघे रात्री उशिरापर्यंत देशोदेशींच्या पागांची छायाचित्रे पाहत बसतो. गुळगुळीत दगडी फरशी, पितळी कड्या, वातानुकूलित खण, घोड्यांना पोहण्यासाठी तलाव, आणि एका ठिकाणी तर चक्क झुंबर! हे सारे पाहून डोळे दिपतात हे मी प्रांजळपणे कबूल करतो. भावाने तर शहाबादी फरशी आणि झुंबर या दोन गोष्टी मनाशी पक्क्याही केल्या आहेत. माझी शंका इतकीच, की या थाटापैकी घोड्याच्या वाट्याला किती येते, मालकाच्या वाट्याला किती, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यातले काय उचलण्याजोगे आहे?

कमानवेडा:
घोडेपालनातले मला फारसे कळत नाही, इमारतींतले थोडे कळते, म्हणून तेवढेच लिहितो. फ्रान्समधील शांतियी येथील पागा पाहिली नसेल तर तिची छायाचित्रे अवश्य पाहा. झां ओबेर या वास्तुकाराने 1719 ते 1735 या काळात ती बूर्बोंच्या ड्यूकसाठी उभारली. लांबी 186 मीटर, आत 240 घोडे आणि शेकडो शिकारी कुत्रे यांची सोय. पुढच्या जन्मी आपण घोडा होणार अशी ड्यूकची श्रद्धा होती, म्हणून त्याने आपल्या इतमामाला शोभेल असे घर आधीच बांधून ठेवले, अशी आख्यायिका सांगतात. खरी असो वा नसो, इमारत पाहिल्यावर ती पटते.

इंग्लंडमधील ब्रायटनची गंमत याहून वेगळी आहे. तेथील युवराजाने 1803 ते 1808 दरम्यान आपल्याकडच्या घुमटांच्या धर्तीवर पागा बांधली, आणि शेजारच्या त्याच्या महालाला हिंदुस्थानी रूप आले ते त्यानंतर, 1815 पासून पुढे. म्हणजे घोड्यांना घुमट आधी मिळाला, धन्याला मागाहून! 1867 पासून तेथे संगीतसभागृह आहे.

मात्र माझी सर्वांत आवडती पागा यांपैकी कोणतीही नाही. मेक्सिको शहराच्या परिसरात लुईस बारागान यांनी 1966 ते 1968 या काळात बांधलेल्या क्वाद्रा सान क्रिस्तोबाल या वास्तूत शिल्पकाम नाही की नक्षी नाही. गुलाबी रंगाच्या सपाट भिंती, मोकळे अंगण, आणि घोड्यांना थेट उतरता येईल असा एक उथळ तलाव, ज्यात उंचावरून पाण्याची धार पडत राहते. आपल्याकडच्या वाड्यातल्या चौकाची आठवण यावी असे ते अंगण आहे.

निवृत्त पशुवैद्य:
होटगीरोडकर, आपल्या प्रश्नाचे उत्तर शांतियीच्या छतात आहे. ते छत ड्यूकच्या मोठेपणासाठी उंच केले असेल, परंतु घोड्याला त्याचा खरोखर लाभ होतो, कारण गरम आणि दमट हवा वर चढते आणि खाली ताजी हवा येण्यास वाव राहतो. घोड्याला आपल्यासारखा तोंडाने श्वास घेता येत नाही, सर्व भिस्त नाकावर असते. त्यातच ओल्या बिछायतीतल्या मूत्रापासून अमोनिया तयार होतो आणि धुळीच्या जोडीने फुप्फुसे खराब करतो. मी नोकरीत असताना कोणत्याही पागेत गेलो की प्रथम खणात उकिडवा बसत असे. उभ्या माणसाला जो वास जाणवत नाही तो बसल्यावर जाणवतो, आणि घोडा आडवा होतो तेव्हा त्याचे नाक तेथेच असते. अशा तपासणीत काही देखण्या पागा नापास झाल्या आणि उसाच्या पाचटाने शाकारलेली एक साधी छपरी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली.

म्हणून भावाला सांगा, की प्रत्येक घोडीला किमान बारा फूट लांब व बारा फूट रुंद खण द्यावा, छप्पर चौदा फुटांच्या खाली आणू नये, आढ्यापाशी हवा बाहेर पडायला सलग फट ठेवावी आणि पत्रा घातलाच तर त्यावर पाचटाचा थर द्यावा. शहाबादी फरशी मात्र रद्द करावी. ओल्या फरशीवर नाल ठोकलेला पाय घसरला की होणारी इजा कधी कधी आयुष्यभराची असते. चोपलेल्या मुरमावर रबरी चटई आणि तीवर जाड बिछायत, एवढे पुरे. वातानुकूलनाचा विचारही नको, कारण दारे-खिडक्या बंद केल्या की थंडावा मिळतो पण हवा कोंडते.

चाऱ्याविषयी विचारलेले नाही, तरीही राहवत नाही. आपला ज्वारीचा वाळलेला कडबा चालेल, पण हिरवी ज्वारी घोड्याला चारू नये. ती दीर्घकाळ खाल्ल्याने मूत्राशय आणि मागचे पाय लुळे पडतात. गाईम्हशी खातात म्हणून घोडीलाही घातली, ही चूक मी आपल्याच जिल्ह्यात एकापेक्षा अधिक वेळा पाहिली आहे. घोड्याचे पोट त्याच्या आकाराच्या मानाने फार लहान असते, त्यामुळे दोन वेळा भरपूर चंदी देण्यापेक्षा दिवसभर थोडे थोडे वैरण तोंडाशी असणे त्याला मानवते.

माळशिरसचा:
डॉक्टरसाहेबांच्या म्हणण्याला एक जोड देतो. घोडा कळपातला जीव आहे. छायाचित्रांत खणांमधल्या भिंती छतापर्यंत गेलेल्या दिसतात आणि त्या छान दिसतात, पण आतला घोडा एकटा पडतो, मग दाराचे लाकूड चावत किंवा एकाच जागी डुलत उभा राहतो. दोन्ही घोड्या एकमेकींना पाहू व हुंगू शकतील इतकी भिंत खाली घ्यावी, वर हवे तर गज लावावेत.

आमच्याकडे पुरंदावड्याला माउलींच्या पालखीचे गोल रिंगण होते. ज्या अश्वावर कोणी बसत नाही, ज्यावर प्रत्यक्ष माउली आरूढ आहेत अशी वारकऱ्यांची भावना असते, तो दौडत गेला की लोक त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात. त्या अश्वाचा त्या दिवशीचा मुक्काम पालखीतळावरच असतो. भीमथडीची तट्टेसुद्धा धनगरांच्या बिऱ्हाडाचे ओझे पाठीवर घेऊन माळावरच वाढली. पागा बांधा, पण पैसे उरवून तिच्यामागे अर्धा एकर मोकळे रान कुंपण घालून ठेवा.

होटगीरोडकर:
सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. ही चर्चा भावाला वाचून दाखवली. फरशी रद्द झाली, मधली भिंत साडेचार फुटांवर थांबवून वर गज लावायचे ठरले. अर्ध्या एकराबाबत वहिनींशी बोलणी चालू आहेत, कारण तेथे त्यांची डाळिंबे आहेत. झुंबराचा हट्ट मात्र तो सोडत नाही. ते टांगले तर चालेल का?

निवृत्त पशुवैद्य:
पागेत नको. त्यावर धूळ साचते, चिमण्या घरटी करतात आणि सारे वैरणीत पडते. खोगीर-लगाम ठेवण्याच्या खोलीत खुशाल टांगावे, तेथे घोड्या येत नाहीत. आणि दरवाजाची रुंदी किती ठेवली आहे, ते कळवावे. चार फुटांपेक्षा कमी असेल तर चौकट बसवण्याआधीच सुताराला थांबवा.