खडकवासला साखळीचं पाणीवाटप: मॉडेल सगळं पाणी शहरालाच देतंय

मुठाकाठ:
एम. ए. अर्थशास्त्राचा प्रकल्प करतेय. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून एकच साठा धरलाय, सुमारे २९ टीएमसी (अब्ज घनफूट). कालावधी १५ ऑक्टोबर ते १५ जुलै, हिशोब महिन्यागणिक. पुणे शहर आणि दौंड-इंदापूरचं सिंचन, दोघांचा मिळून फायदा जास्तीत जास्त हवा. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये (सर्वोत्तम वाटप शोधून देणारी सोय) लिनियर प्रोग्रॅमिंग, म्हणजे सरळ रेषेतला हिशोब लावला, तर शेतीला थेंब नाही आणि १५ जुलैला धरण कोरडंठाक. नेमकं काय बदलू?

कालवाकाठी:
दर टीएमसीला ठरावीक रुपये धरलेत ना? मग ज्याचे रुपये जास्त, त्यालाच सगळं पाणी जाणार. शहरात पहिल्या पाण्यावर पिणं-स्वयंपाक होतो, शेवटच्या पाण्यात गाड्या धुतल्या जातात. म्हणून फायद्याचा आलेख वर जाता जाता सपाट होणारा हवा. लॉगरिदम घ्या आणि सॉल्व्हरमध्ये ‘जीआरजी नॉनलिनियर’ (वक्र आलेखांसाठीची पद्धत) निवडा. शेवटच्या थेंबाचा फायदा दोन्हीकडे सारखा होईल तिथे वाटप थांबेल. पिण्याच्या पाण्याला मात्र किमान अट घालाच, ते रुपयांवर सोडू नका.

धरण रिकामं होतं कारण १५ जुलैला उरलेल्या पाण्याला तुमच्या मॉडेलमध्ये किंमतच नाही. पाऊस लांबला तर तेच पाणी लागतं. शिल्लक साठ्याची अट घाला.

आणि शेतीचा फायदा वर्षाच्या एकूण पाण्यावर काढू नका, ही माझी कळकळीची विनंती. आमचं शेत नवीन मुठा उजव्या कालव्यावर आहे. उन्हाळी आवर्तन लांबलं की ऊस कसाबसा तग धरतो, भाजीपाला हातचा जातो. नंतर दुप्पट पाणी सोडलं तरी तो परत येत नाही. महिन्यागणिक, पीकवार फायदा धरा.

मग सॉल्व्हरचा सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट उघडा. साठ्याच्या अटीसमोरचा लाग्रांज गुणक म्हणजे पाण्याची छाया किंमत: त्या महिन्यात एक टीएमसी जास्त असतं तर एकूण फायदा साधारण किती वाढला असता. पाणी काही घट न होता नुसतं साठवून ठेवता येत असेल तर ही किंमत सगळ्या महिन्यांत सारखी येते. बाष्पीभवन घातलं की उन्हाळ्याकडे चढत जाते. प्रकल्पाचा गाभा हाच आकडा आहे, वाटपाचा तक्ता नंतर.

पंपहाऊस:
शहराला दिलेलं पाणी शहरात संपत नाही. आराखड्यांमध्ये साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येतं असं धरतात. मुंढव्याच्या जॅकवेलमधून (नदीकाठची उपसा विहीर) प्रक्रिया केलेलं पाणी उचलून शेतीसाठी बेबी कालव्यात सोडतात. तो दुवा घाला, शुद्धीकरण आणि उपशाचा खर्च वजा करा. नाहीतर शहर विरुद्ध शेती हे भांडण कागदावर आहे त्याहून मोठं दिसेल.

मुठाकाठ:
खूप आभार दोघांचे! बाष्पीभवन घातल्यावर छाया किंमत खरंच मेपर्यंत चढतेय. परतीचं पाणी त्याच महिन्यात धरू की पुढच्या?

पंपहाऊस:
त्याच महिन्यात. नदीतून मुंढव्याला पोचायला महिना लागत नाही.