मदत हवी आहे: ब्रेन ट्यूमर लॅबनंतर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) की कंपनी? (तातडीचं)

सेंट्रिफ्यूज: ग्लिओब्लास्टोमावर (मेंदूच्या कॅन्सरवर) काम करते. दोन ऑफर आहेत, एक ह्यूस्टनची पोस्टडॉकची, एक बंगळुरूच्या कंपनीची. शुक्रवारपर्यंत कळवायचंय. गाइड म्हणतात बाहेर जा, घरचे म्हणतात आता पुरे. या क्षेत्रातली माणसं पुढे जातात तरी कुठे? सगळे काही प्राध्यापक होत नसणार. अनुभव असेल त्यांनीच लिहा, 'मनाचा कौल घे' वगैरे नको.

तिरपागडा: पीएचडी झाली की प्रोजेक्टवर जेआरएफ (रिसर्च फेलो) आहात?

सेंट्रिफ्यूज: अर्थात पीएचडी! थिसिस सबमिट झालाय, व्हायव्हा बाकी.

तिरपागडा: अर्थात काय, आम्हाला स्वप्न पडणार का?

सॅनडिएगोकर: डोळे मिटून पोस्टडॉक घ्या. पोस्टडॉकच्या पहिल्या ४ वर्षांत एनआयएचच्या (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या) के९९ ग्रँटला अर्ज करता येतो, त्याला ग्रीन कार्डही लागत नाही. आमच्याकडची एक मुलगी त्याच जोरावर असिस्टंट प्रोफेसर झाली.

जुना_पोस्टडॉक: आणि बाकीच्यांचं काय झालं तेही सांगा की. माझ्या वेळच्या ग्लायोमा (मेंदूच्या गाठींच्या) लॅबमधला एक जण बायोटेकमध्ये गेला, एक मेडिकल रायटिंग करते, एक पेटंट फर्ममध्ये आहे, एक कोअर फॅसिलिटी (सामायिक यंत्रांची लॅब) सांभाळते. प्राध्यापक एकच झाला, तोही सिक्वेन्सिंगचा डेटा बघणारा. ताई, वेट लॅब (प्रयोग) की ड्राय (कॉम्प्युटर)?

सेंट्रिफ्यूज: वेट. टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाला रेझिस्टन्स. आरमध्ये कोडिंग थोडंफार येतं.

पिपेटवाला: सेल लाइन (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी) कुठली? नुसती यू८७ असेल तर रिव्ह्यूअर धारेवर धरणार. जगभर वाटली गेलेली यू८७ ती जिथून आली म्हणतात त्या उप्सालाच्या (स्वीडन) मूळ ट्यूमरशी जुळत नाही, हे २०१६ मध्येच छापून आलंय.

सॅनडिएगोकर: प्रश्न करिअरचा आहे हो, सेल लाइनचा नाही.

पिपेटवाला: पेशंटच्या गाठीतून पेशी वाढवता येतात का, यावरच पुढची नोकरी ठरते. मुलाखती मी घेतो, तुम्ही नाही.

वसंत_सातारा: माझ्या साडूंच्या डोक्यात गाठ निघाली आहे. कोणाला दाखवावं?

तिरपागडा: काका, ही मंडळी पेशी आणि उंदरांवर काम करतात. स्कॅन आणि बायोप्सीचे कागद घेऊन परळला टाटामध्ये न्या, आणि वेगळा धागा काढा. इथे हरवेल.

हायडेलबर्गची_मावशी: जर्मनीचा विचार का नाही करत? डीकेएफझेड या कॅन्सर संस्थेत ग्लायोमावर उत्तम काम चालतं.

सेंट्रिफ्यूज: कारण तिथून ऑफर नाही!!

जुना_पोस्टडॉक: ह्यूस्टनवाले व्हिसा कुठला देताहेत? जे-१ (एक्स्चेंज व्हिसा) असेल तर दोन वर्षं सक्तीनं परत यावं लागतं, लक्षात ठेवा.

सॅनडिएगोकर: जुनी माहिती. डिसेंबर २०२४ मध्ये, ज्या देशांना ही अट लागते त्या स्किल्स लिस्टमधून भारताचं नाव काढलं.

जुना_पोस्टडॉक: लिस्टमधून काढलं. पण त्या कार्यक्रमासाठी सरकारी पैसा मिळत असेल तर अट लागतेच. डीएस-२०१९ या व्हिसाच्या फॉर्मवर पैसे कोणाचे ते बघितल्याशिवाय सल्ले देऊ नका.

सॅनडिएगोकर: पीआयच्या (लॅबप्रमुखाच्या) ग्रँटमधून पगार म्हणजे सरकारी पैसा नव्हे! तसं असतं तर निम्मी अमेरिका रिकामी झाली असती.

जुना_पोस्टडॉक: मी बघा म्हटलं. लागतेच असं कुठे म्हटलं?

सेंट्रिफ्यूज: भांडू नका, प्लीज. डीएस-२०१९ अजून आलेला नाही. ऑफर लेटरमध्ये एक वर्ष, पुढे 'निधी उपलब्ध असल्यास' असं आहे. बंगळुरूची सीआरओ (दुसऱ्या कंपन्यांसाठी संशोधन करणारी कंपनी) आहे, पद कायम, काम कॅन्सरच्या चाचण्यांचं, म्हणजे ऑन्कॉलॉजीच्या अ‍ॅसेचं.

पिपेटवाला: हे पहिल्या पोस्टमध्ये नको होतं का? ग्रँट कधी संपते ते पीआयला आज रात्रीच मेलवर विचारा. एनआयएच रिपोर्टर या ग्रँटच्या साइटवर त्यांचं नाव टाकलं की तारीख दिसतेच, पण उत्तर कसं देतात तेही कळेल. आणि त्यांच्या लॅबमधून गेलेल्या दोघा-तिघांना लिंक्डइनवर गाठा.

सेंट्रिफ्यूज: बघितलं. ग्रँट पुढच्या मार्चपर्यंत.

तिरपागडा: मग बंगळुरू.

सॅनडिएगोकर: रिन्यूअल टाकलं असेल की! एवढ्यात कशाला?

सेंट्रिफ्यूज: मेल टाकलाय. कंपनीकडे एक आठवडा वाढवून मागितला तर ऑफर काढून घेतात का? सीआरओवाले कोणी आहे इथे?

वसंत_सातारा: टाटाला ओपीडीचा नंबर सकाळी किती वाजता लावायचा?