सिग्नलला थांबलं की एसीची हवा गरम, हायवेला थंड

खाडीकाठ (रत्नागिरी):
पेट्रोल हॅचबॅक, 2014 चं मॉडेल. हातखंब्याकडे जाताना एसी बऱ्यापैकी थंड, शहरात गाडी उभी राहिली की गरम. मागच्या उन्हाळ्यात गॅस भरला होता. गॅरेजवाला म्हणतो, पुन्हा भरू. भरावा का?

काटापाना:
आत्ता नको. इंजिन आयडलला ठेवून एसी लावा आणि बघा: कॉम्प्रेसरचा (गॅस दाबणारा पंप) क्लच ‘टक्’ करून बसतो का? कंडेन्सरचा (पुढची जाळी, जिथं गॅस थंड होतो) पंखा फिरतो का? पळत्या गाडीत समोरचा वारा कंडेन्सर थंड करतो, उभ्या गाडीत सगळी मदार पंख्यावर. फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज देणारा स्विच), मग मोटरला थेट 12 व्होल्ट. थेट दिल्यावर फिरला तर मोटर शाबूत. खारट हवेनं सॉकेटच्या पिना हिरव्या पडल्यात का बघा.

गेजवाला:
पंखा ठीक असेल तर गेज (गॅसचा दाब दाखवणारे दोन काटे) लावा. गॅस आर-134ए असेल तर 32-35 अंशांच्या हवेत लो साइड (कॉम्प्रेसरकडे येणारी नळी) साधारण 30 ते 45, हाय साइड (कॉम्प्रेसरमधून बाहेर जाणारी) 200 ते 250 पीएसआय. हाय 300 च्या वर गेली तर कंडेन्सर लाल मातीनं चोंदलाय किंवा गॅस जास्त झालाय. दोन्ही कमी म्हणजे गॅस कमी. क्लच बसलेला असून दोन्ही काटे जवळजवळ सारखे, तर कॉम्प्रेसरच दाब करत नाहीये. गाडी बंद असतानाच्या दाबावरून गॅस किती आहे ते कळत नाही, त्यावर विसंबू नका.

खाडीकाठ:
पंखा फिरतोय. काटे दोन्हीकडे कमी. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात तेलकट डाग आहे, त्यावर धूळ चिकटलीय. लीक बंद करणारा डबा मिळतो, तो चालेल?

काटापाना:
अजिबात नाही, तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये (गॅस जिथून बारीक भोकातून सुटतो) अडकतो. लीक त्या डागापाशीच असणार. गॅससोबत तेल बाहेर येतं. साबणपाणी लावून खात्री करा. किनाऱ्याला ॲल्युमिनियम असंच सडतं, डागडुजी टिकत नाही. कंडेन्सर बदला, सोबत ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारा) आणि ओ-रिंगा (सांध्यांतल्या रबरी कड्या). कॉम्प्रेसरला चालणाऱ्या ग्रेडचंच तेल, नव्या कंडेन्सरपुरतं 30-40 मिली.

गेजवाला:
गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम (पंपानं आतली हवा आणि ओल ओढून काढणं) किमान 30 मिनिटं, आपल्या दमट हवेत 45 धरा. मग पंप बंद करून 15 मिनिटं काटा हलत नाही ना बघा. गॅस अंदाजानं नाही, वजनकाट्यावर. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं.