मेळघाटातून जाताना नेटवर्कशिवाय चालेल असा गाडीतला नकाशा, पाच हजारांत?

रामबागेतली काकू (इंदूर)

नमस्कार मंडळी. आमची वॅगनआर २०१२ची. तिच्यात जुना साधा स्टिरिओ आहे, पडद्याचा नाही. माझी धाकटी बहीण परतवाड्याला असते. मीटरगेज होती तोवर रेल्वेनं अकोल्याला उतरायचं आणि पुढे एसटी, असं चालायचं. आता गाडीनं जातो. सिमरोल, बडवाह, मोरटक्क्याचा पूल, खंडवा, मग धारणी, हरिसाल, सेमाडोह असा रस्ता. गाडी मी चालवते, हे शेजारी बसतात.

धारणीच्या पुढे जंगल लागलं की मोबाइलचं नेटवर्क जातं आणि नकाशा कोरा होतो. निळा ठिपका तेवढा दिसतो, त्याच्याभोवती रस्ताच नसतो. शिवाय नकाशा यांच्या फोनवर लावलेला असतो. नेमका वळणापाशी बहिणीचा फोन येतो, ‘कुठवर आलात?’ आणि नकाशा बाजूला जातो. म्हणून फोनपेक्षा वेगळं, नकाशाचं स्वतंत्र यंत्र घ्यावं असं मनात आहे.

जेल रोडला जाऊन ‘गाडीसाठी जीपीएस द्या’ म्हटलं, तर दुकानदारानं काडेपेटीएवढी काळी डबी दाखवली. तिच्यात सिम घालायचं आणि दरवर्षी रिचार्ज करायचा. पण तिला पडदाच नाही! ऑनलाइन पाहिलं तर नावाजलेल्या कंपन्यांची यंत्रं आमच्या ऐपतीबाहेरची, आणि स्वस्तात सात इंची पडद्याची बिननावाची पुष्कळ. पाच हजारांत काय घ्यावं? अक्षरं मोठी हवीत, आवाज मराठी नाहीतर हिंदी हवा.

निमाडवाला

काकू, माझा धंदा औषधं पोहोचवण्याचा. खरगोन, बडवानी, बुरहानपूर आणि धारणीपर्यंतचा पट्टा माझ्याकडे आहे. तुमचा रस्ता माझ्या रोजच्या पायाखालचा, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी त्या काळ्या डबीचं. ती ट्रॅकर आहे. गाडी कुठे उभी आहे हे मालकाला घरबसल्या दाखवते, चोरी झाली तर उपयोगी पडते. टॅक्सी, ट्रक, बसवाले तीच घेतात, म्हणून बाजारात ‘जीपीएस’ म्हटलं की दुकानदाराचा हात तिच्याकडेच जातो. रस्ता सांगणं तिचं काम नाही, तुम्ही ती घेतली नाहीत ते बरं.

आता बिननावाची सात इंची यंत्रं. बहुतेकांत युरोप नाहीतर अमेरिकेचे नकाशे भरलेले असतात. भारताचा असलाच तर कुठल्या सालचा, आणि पुढे नवा कोण देणार, याचं उत्तर विकणाऱ्याकडे नसतं. काकू, उपग्रहाचे संकेत सगळ्या जगाला फुकट मिळतात आणि ते पकडणारी चिप आज स्वस्तातल्या स्मार्टफोनमध्येही असते. पैसे मोजायचे ते नकाशाचे, आणि तो ताजा ठेवण्याचे. आपल्या इंदूरचंच बघा. बीआरटीएसच्या, म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गिकेच्या, रेलिंगा निघाल्या, ठिकठिकाणी पूल चाललेत. खंडवा रोडला सिमरोल-चोरलच्या बाजूला चौपदरीकरण आणि बोगद्यांचं काम निघालं, तेव्हापासून वळणरस्ते सारखे बदलतात. चार वर्षं जुना नकाशा असलेलं चकचकीत यंत्र तिथं तुम्हाला पत्र्याच्या कुंपणाशी नेऊन उभं करील.

म्हणून माझं स्पष्ट मत: वेगळं यंत्र हवं हा तुमचा विचार बरोबर आहे, पण ते विकत घेऊ नका. घरात जुना अँड्रॉइड फोन पडलेला असेल, तोच गाडीचा करून टाका. सिम नको. घरच्या वाय-फायवर नकाशे उतरवून घ्या, म्हणजे जंगलात नेटवर्कची गरजच पडत नाही, आणि बहिणीचा फोन आला तरी नकाशा जागचा हलत नाही.

गूगल मॅप्समध्ये ‘ऑफलाइन नकाशे’ म्हणून सोय आहे. चौकट ओढून भाग निवडायचा. इंदूर ते खंडवा एक, खंडवा ते अमरावती दुसरी, अशा दोन चौकटी घ्या आणि कडा एकमेकींवर येऊ द्या. हा नकाशा काही काळानं बाद होतो, तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री वाय-फायवर ताजा करायचा. ऑफलाइन असताना रहदारी आणि पर्यायी रस्ते दिसत नाहीत, गाडीचा रस्ता मात्र नीट सांगतो. सोबत ऑर्गॅनिक मॅप्स टाका. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि राज्यवार नकाशे पूर्ण उतरतात. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही घ्या. धारणीला राज्य बदलतं, एकच उतरवलेला असला तर तिथं नकाशा संपतो.

खर्च काय तो स्टँड आणि चार्जरचा. स्टँड काचेवर चिकटणारा घेऊ नका, एसीच्या जाळीला अडकणारा घ्या. निमाडात मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. ॲपल आपले फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा म्हणते, बाकीच्यांचंही फार वेगळं नसतं. काचेवर उन्हात फोन तापला की आधी पडदा मंद होतो, मग फोन बंद पडतो. एसीच्या झोतासमोर तो थंड राहतो. चार्जर मात्र बऱ्या कंपनीचा घ्या, रस्त्यावरचा शंभर रुपयांचा नको. नकाशा चालू असताना फोन जेवढी वीज खातो तेवढी त्या हलक्या चार्जरमधून येत नाही, आणि बॅटरी उतरतच जाते. सगळं मिळून साधारण दीड हजारात भागेल.

विजयनगरचा

निमाडवाले दादांचं पटतं, पण बजेट थोडं वाढवता आलं तर वेगळा मार्गही आहे. जुना स्टिरिओ काढून नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवता येतो. साधारण सात-आठ हजारांपासून सुरू होतात. काकूंना मोठी अक्षरं हवीत, ती इथं मिळतील, आणि गाडी मागे घेताना कॅमेराही जोडता येईल. घेताना दोन गोष्टी बघा. वॅगनआरच्या मापाची फ्रेम आणि कपलर (गाडीच्या वायरींना जोडायचा तयार जोड) सोबत असावा, बसवणाऱ्यानं गाडीची वायर कापता कामा नये. आणि जीपीएसचा अँटेना वेगळा येतो, तो डॅशबोर्डवर काचेच्या जवळ ठेवायला सांगा. घाईत तो आत धातूच्या पट्ट्यांमागे कोंबतात, मग गाडी नकाशावर शेजारच्या गल्लीतून धावते.

निमाडवाला

स्टिरिओ चांगलाच, पण नकाशा त्यालाही आधी उतरवूनच द्यावा लागतो. आणि काकूंच्या गाडीचं वय पाहता मी तरी तेवढा पैसा त्यात घालणार नाही. टायर बदलायला झाले असतील तर आधी ते बदला, काकू. पावसाळ्यात सेमाडोहच्या घाटात टायरच कामाला येतात.

अन्नपूर्णा रोड

आपल्या इस्रोची नाविक ही जीपीएससारखी उपग्रहांची यंत्रणा आहे ना? त्यावर चालणारं यंत्र घेतलं तर जंगलात जास्त चांगलं चालेल का?

नकाशे भरणारी

मी भूगोल शिकवते, म्हणून याचं उत्तर देते. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. आराखडा सात उपग्रहांचा, आणि व्याप्ती भारत व सीमेबाहेर साधारण १५०० किलोमीटर. सुरुवातीच्या उपग्रहांचे संकेत लहरींच्या ज्या पट्ट्यांत येतात, ते पकडणाऱ्या चिपा फोनमध्ये फार उशिरा आल्या. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ या नाविकच्याच नव्या उपग्रहापासून एल-१ नावाचा पट्टाही जोडला गेला, जो स्वस्तातल्या स्मार्टफोनना सोपा पडतो. पण पहिल्या उपग्रहाची अणुघड्याळं बंद पडली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सोडलेला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचला नाही. मला या योजनेबद्दल फार आत्मीयता आहे, ती पूर्ण उभी राहावी असं मनापासून वाटतं. पण आज खरेदी करताना फक्त नाविकसाठी जादा पैसे देऊ नका. फोन अमेरिकेची जीपीएस, रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेइदू असे मिळतील ते उपग्रह एकत्र वापरतो. घाटात डोंगरांमुळे आकाशाची पट्टीच दिसते, तिथं जितक्या यंत्रणा फोन ओळखतो तितकं बरं.

दुसरं म्हणजे, ऑर्गॅनिक मॅप्सचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून येतो. तो २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झाला आणि कुणीही त्यात भर घालू शकतं. मी सुट्टीत चोरल, महू, मानपूरकडच्या वाड्या-वस्त्यांचे रस्ते भरते. आदिवासी पाड्यांची नावं तिथल्या लोकांना विचारून, ते म्हणतात तशी लिहिते. काकू, तुमच्या बहिणीच्या गल्लीचं नाव त्यात नसेल तर मला सांगा, मी दाखवीन कसं घालायचं ते. पुढे कुणाची तरी रात्रीची वेळ सोपी होईल.

रामबागेतली काकू

सगळ्यांचे मनापासून आभार. निमाडवाले दादा, एक शंका राहिली. सिम नाही, नेट नाही, मग आपण कुठे आहोत हे त्या जुन्या फोनला कळणार कसं? आमच्या यांचं म्हणणं आहे की नेटशिवाय जीपीएस चालूच शकत नाही.

निमाडवाला

काकांना सांगा, चालतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि ‘आत्ता इतके वाजले, मी इथं आहे’ एवढंच सतत सांगत राहतात. तो संकेत जमिनीवर पोहोचायला सेकंदाच्या पंधराव्या हिश्श्याच्या आसपास वेळ लागतो. फोन तो वेळ मोजून अंतर काढतो. चार उपग्रह मिळाले की जागा पक्की होते. फोन फक्त ऐकतो, उलट काही पाठवत नाही, म्हणून त्याला टॉवर लागत नाही. म्हणूनच तुमचा निळा ठिपका जंगलातही दिसत होता. हरवत होती ती त्याखालची नकाशाची चित्रं, कारण ती नेटवरून येतात.

नेट असलं की एक सोय होते. कुठला उपग्रह कुठे आहे हे फोन आधीच मागवून घेतो आणि जागा पटकन सापडते. नेट नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून ऐकावी लागते, ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. बरेच दिवस बंद असलेल्या फोनला पहिल्यांदा काही मिनिटं लागू शकतात. म्हणून घरातून निघताना गाडी उघड्यावर उभी करून फोन सुरू करा, जागा दिसू द्या, मग रामबागेतून बाहेर पडा. धारणीत पोहोचल्यावर पहिल्यांदा चालू करू नका.

पुढच्या काचेला कसली फिल्म लावली आहे का? धातूचा थर असलेली फिल्म हे क्षीण संकेत अडवते. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच बंदी आणली आहे, पण जुन्या गाड्यांवर अजून दिसतात.

आणि नकाशासाठी फोन वापरायला कायद्याची हरकत नाही. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात फक्त रस्ता पाहण्यासाठी, चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं, फोन वापरायला मुभा आहे. पण पत्ता घालायचं काम काकांनी करावं, तुम्ही स्टिअरिंग सोडू नका. मेळघाटात संध्याकाळी जनावरं रस्त्यावर येतात.

रामबागेतली काकू

यांना वाचून दाखवलं, पटलं. कपाटात मुलाचा २०१७चा फोन सापडला. सुरू होतो, पण मागचं झाकण जरा वर आल्यासारखं दिसतं आहे.

निमाडवाला

काकू, तो वापरू नका! झाकण वर आलं म्हणजे बॅटरी फुगली आहे. चार्जिंगलाही लावू नका, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, आणि उन्हात गाडीत तर मुळीच ठेवू नका. जेल रोडला डॉलर मार्केटमध्ये नवी बॅटरी घालून देतात, मॉडेल नंबर लिहून न्या. जुनी त्यांच्याकडेच द्या, कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. बॅटरी मिळाली नाही तर दुसरा वापरलेला फोन घ्या, तुमच्या पाच हजारांत आरामात बसेल. निदान ३ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण असलेला बघा, आणि घेण्याआधी त्यात इंदूरचा नकाशा उतरवून, दुकानाबाहेर उघड्यावर येऊन फ्लाइट मोडमध्ये तो उघडून पाहा. ठिपका जेल रोडवर नीट आला, तरच पैसे द्या.