पुण्यात सहकारनगरच्या आसपास फोटोंसाठी बागा सुचवा (वेळ फक्त सकाळी दीड तास)

अनुराधा_सह
नमस्कार मंडळी. आई 84 वर्षांची आहे, तिला घरी एकटं ठेवून फार वेळ बाहेर राहता येत नाही. त्यामुळे भिगवण, सिंहगड सध्या बंदच. मुलगा त्याचा कॅमेरा माझ्याकडे ठेवून गेलाय, सोबत 18-55 (रुंद दृश्यासाठी) आणि 55-250 (लांबचं जवळ आणणारी) अशा दोन लेन्स. सकाळी साडेसहा ते आठ एवढाच वेळ माझा. स्कूटीवर पंधरा-वीस मिनिटांत पोचता येईल असं काही सुचवाल का? सारसबागेत दोनदा जाऊन आले. तळ्यातल्या गणपतीचं देऊळ आणि फिरायला आलेली माणसं, यापलीकडे काही हाती लागलं नाही. फुलं, पक्षी, झाडं, काहीही चालेल.

टेकडीकर
ताई, तळजाई टेकडी तुमच्या दारात आहे की! फेब्रुवारीत तिथल्या गिरिपुष्पाची पानं गळतात आणि फांद्या गुलाबी फुलांनी भरून जातात. झाड बाहेरून आणून लावलेलं, त्याच्याखाली आपलं देशी काही फारसं वाढत नाही, म्हणून मला त्याचा राग आहे. पण शिंजीर (फुलांतला रस पिणारे चिमुकले पक्षी) त्या फुलांवर येतात, आणि ते एकदा बघितलं की राग तेवढ्यापुरता विसरतो. सध्या सूर्य सातच्या सुमारास वर येतो. तो पाठीशी न घेता समोर ठेवून वाळलेल्या गवताचे तुरे टिपा, कडा सोन्यासारख्या उजळतात. मोर ऐकू येतील. दिसले तर मागे धावू नका, बसून राहा.

शिंजिरासाठी शटर 1/1000 सेकंदाच्या आसपास, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) ऑटोवर.

नदीकाठ
सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान. जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे. वळत जाणारं पाणी, छोटे पूल, उंचसखल हिरवळ. इथे 18-55 लावा आणि पाण्याच्या जितकं जवळ बसता येईल तितकं बसा, प्रतिबिंबं छान येतात. ऊन चढलं की हिरवळ सपाट दिसते, म्हणून ढगाळ दिवस किंवा पावसाची उघडीप जास्त बरी.

एक सूचना. शहरातल्या एका बागेत मला रखवालदाराने कॅमेरा पिशवीत ठेवायला लावला होता, मोबाइलला मात्र हरकत नव्हती. तेव्हा कुठेही जाताना गेटवर आधी विचारा. ट्रायपॉड नेऊच नका.

झाडवेडा
रविवारी कुणी आईंजवळ थांबणार असेल तर एम्प्रेस गार्डन. पुष्पप्रदर्शनात जायचं तर फुलांसाठी जा, झाडांसाठी एरवीच्या दिवशी. मनगटापेक्षा जाड, पीळ पडलेल्या वेली आहेत तिथे, आणि जुन्या झाडांची सावली इतकी दाट की आयएसओ 1600 पर्यंत न्यावा लागतो. वडा-पिंपळांना फळं धरलेली असली तर खाली उभं राहून कान द्या. राखी धनेश बऱ्याचदा आधी ऐकू येतो, मग दिसतो.

पिंपळपान
अनुराधाताई, वरचं सगळं चांगलंच आहे. पण दीड तासातली चाळीस मिनिटं जाण्यायेण्यात घालवू नका असं मी म्हणेन. घरापासून चालत जाता येईल अशी एखादी महापालिकेची छोटी बाग निवडा. घसरगुंडी, दोन बाकं, कोपऱ्यात पाचसहा झाडं, एवढं पुरे. यातल्या बऱ्याच बागा दुपारी बंद असतात, सकाळी मात्र लवकर उघडतात.

मी आमच्या कोपऱ्यावरच्या बागेत तीन वर्षं जातेय. पहिल्या महिन्यात मलाही वाटलं, इथे आहे काय? मग एका वाळक्या फांदीला गोल भोक दिसलं, अगदी कंपासने आखल्यासारखं. तांबटाचं घरटं. नर-मादी दोघंही पाळीपाळीने आत जायचे. मी रोज त्याच बाकावर, त्याच वेळी बसत गेले. काही दिवसांनी ते मला घाबरेनासे झाले. दहा ठिकाणं फिरले असते तर हे मिळालं नसतं. घरट्याच्या जवळ मात्र जायचं नाही, फ्लॅश नाही, आणि फांद्या बाजूला करायच्या नाहीत. 250 ची लेन्स त्याचसाठी आहे.

शिवाय ऋतू आपसूक हाती लागतात. मार्चमध्ये पिंपळाची तांबूस पालवी, एप्रिल-मेमध्ये बहावा आणि ताम्हण, ऑक्टोबरात सप्तपर्णी. पालवी उन्हाच्या विरुद्ध बाजूने बघा, शिरा न् शिरा दिसते.

आणि बागेत लहान मुलं असतात. त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय तिकडे कॅमेरा वळवू नका.

टेकडीकर
पिंपळपान यांना +1. तळजाई शनिवारी ठेवा.

अनुराधा_सह
तीन आठवड्यांनी लिहितेय. तळजाईला एकदाच गेले, शिंजिराचे सत्तर फोटो काढले आणि सगळ्यांत नुसती हललेली शेपटी आली. शटर वाढवायचं विसरले होते. मग पिंपळपान यांचं ऐकलं. आमच्या गल्लीच्या टोकाला बाग आहे, तिच्या कुंपणाला लागून काटेसावर. इतकी वर्षं त्याच्या खालून भाजी आणलीय, वर मान करून कधी बघितलंच नव्हतं. पान एक नाही, सगळं झाड लाल. साळुंक्या, बुलबुल, खारी, सगळे डोकं आत खुपसून बसलेले. परवा गुलाबी पोट आणि काळं डोकं असलेल्या पक्ष्यांचा मोठा थवा आला आणि दहा मिनिटं नुसता कलकलाट. हे कोण? आणि फोटो मोठा करून बघितला तर साळुंकीच्या कपाळावर काहीतरी पूड लागलेली दिसतेय. आजारी असेल का?

पिंपळपान
आजारी नाही हो! ते परागकण. रसासाठी डोकं आत घालते तेव्हा कपाळाला लागतात, आणि पुढच्या फुलावर उतरतात. गुलाबी पोटवाली ती भोरडी, पळसमैनाही म्हणतात. हिवाळ्यात येते, उन्हाळ्यात परत मध्य आशियाकडे जाते. उद्याच जा, सावरीची फुलं संपली की ती तिथे थांबणार नाही.

अनुराधा_सह
उद्या सहा वाजताच निघते. आईला फोटो दाखवला, ती म्हणाली तिच्या माहेरी विहिरीवर सावर होती, तिच्या कापसाच्या उशा करायचे. बोंडं फुटतील तेव्हा तिला व्हीलचेअरवरून बागेपर्यंत नेईन म्हणतेय. कधी फुटतात?

झाडवेडा
एप्रिलच्या सुमारास. वारा सुटण्याआधी, सकाळीच न्या.