पिअरिंगला मराठीत काय म्हणावं? ('डोकावणे' सोडून)

दुभाषा

एका कामात अडकलोय. डेटा सेंटर आणि इंटरकनेक्शन (म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडणं) या धंद्यातल्या बड्या मंडळींच्या मुलाखतींची एक इंग्रजी मालिका आहे, तिची मराठी उपशीर्षकं तपासतोय. कच्चा मसुदा यंत्राने केलेला. पहिल्याच भागात वाक्य आलं: 'त्यानंतर दोन्ही कंपन्या एकमेकींत डोकावू लागल्या.' मी तीनदा मागे जाऊन ऐकलं. मूळ शब्द पिअरिंग! (इंग्रजीत 'पिअर'चा एक अर्थ डोकावून बघणे, यंत्राने तोच उचलला.) पुढे 'मला भेटा खोली' आहे, 'अंधारा तंतू' (डार्क फायबर, म्हणजे टाकलेलं पण अजून उजेड न सोडलेलं फायबर) आहे, आणि न्यूयॉर्कमधलं 'वाहकांचं हॉटेल' आहे, जिथे जेवणाचा कुठेच उल्लेख नाही. मालिकेचं नाव केलंय 'उद्योगातील नेत्यांशी संभाषणे'. वाचून आचारसंहिता लागल्यासारखं वाटतं.

बाकीचं निभावून नेईन. पिअरिंगवर मात्र गाडी अडली आहे. ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: तुमच्याकडे जिओचं कनेक्शन, माझ्याकडे एअरटेलचं. तुमचा फोटो माझ्याकडे यायचा तर दोन जाळी कुठेतरी जोडलेली हवीत. आता यातल्या एकाने दुसऱ्याला पैसे देऊन 'माझा माल जगभर पोचव' म्हटलं तर ते ट्रान्झिट. आणि 'तुझ्या गिऱ्हाइकांचं माझ्याकडे दे, माझ्या गिऱ्हाइकांचं तू घे, हिशेब नको' म्हटलं तर पिअरिंग. 'समस्तरीय जोडणी' असं एका ठिकाणी वाचलं. पडद्यावर दोन सेकंद राहणाऱ्या ओळीत ते बसत नाही, आणि बसलं तरी कोणाला काय कळणार?

कोशातला किडा

आधी नावाचं बघा. 'नेते' नकोच. मराठी वर्तमानपत्रांत 'उद्योगधुरीण' रुळलेला आहे. धुरा म्हणजे जू; जुवाला जोडण्यालायक तो धुरीण. मूळचा बैलच आहे तो, पण मानाचा.

'इंटरकनेक्शन'ला आंतरजोडणी करता येईल, फक्त 'अंतरजोडणी' छापू देऊ नका. दोहोंमधलं ते 'आंतर-' (आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय) आणि आतलं ते 'अंतर्-' (अंतर्गत) अशी मराठीत घडी बसली आहे. नुसतं 'अंतर' म्हणजे ठाणे ते कल्याण किती ते.

आणि 'डेटा सेंटर'चं 'विदाकेंद्र' करायचा मोह आवरा. 'विदा' मला स्वतःला आवडतो, पण तो साठवला की साठवली यावरच अजून एकमत नाही, शिवाय हिंदीच्या सवयीने निम्म्यांना तिथे पाठवणीचे सूर ऐकू येतात. गंमत म्हणजे 'केंद्र' हा तरी कुठे घरचा? ग्रीक 'केन्ट्रॉन'वरून ज्योतिषाबरोबर संस्कृतात आला. 'सेंटर'ही त्याच 'केन्ट्रॉन'चा. सख्ख्या भावाच्या जागी सख्खा भाऊ बसवून आपण काय साधणार?

रातपाळी

ऐरोलीत डेटा सेंटरमध्ये शिफ्टला आहे, म्हणून बोलतो. आमच्याकडे यातला एकही शब्द कोणी मराठीत म्हणत नाही, पण क्रियापदं सगळी मराठी आहेत. फायबर *ओढतात*, पॅच *मारतात*, लूप *टाकतात*, डीजी *उचलतो* (म्हणजे वीज गेल्यावर जनरेटरने लोड घेतला). क्रॉस-कनेक्ट म्हणजे एका कंपनीच्या केजमधून (जाळीच्या कप्प्यातून) दुसरीच्या केजपर्यंत टाकलेली पिवळी वायर, बस. त्यासाठी आधी परवानगीचा कागद लागतो, त्याला एलओए म्हणतात. 'एलओए आलं का?' हे वाक्य रात्रीतून वीस वेळा.

परवाचंच सांगतो. क्रॉस मारला, दोन्हीकडे लिंक डाऊन. मीटर लावला तर उजेड येतोय व्यवस्थित. पलीकडचा म्हणतो तुमची चूक, मी म्हणतो तुमची. शेवटी कनेक्टर काढला, दोन्ही पिना उलट्या लावल्या, लिंक अप. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लागायला हवं, इथे तोंडाला तोंड लागलेलं. याला आम्ही 'रोल केला' म्हणतो. तुमच्या इंटरकनेक्शनचं सगळं तत्त्वज्ञान त्या दोन पिनांत आहे.

दुभाषा

रातपाळी, हे सोनं आहे. म्हणजे नाम त्यांचं ठेवायचं, क्रियापद आपलं. पण मुलाखतीतली माणसं वायरीबद्दल कमी आणि सौद्याबद्दल जास्त बोलतात. कोण कोणाला फुकट जोडून घेतो, कोण पैसे मागतो, कोणी कोणाशी संबंध तोडले. तिथे 'पिअरिंग मारलं' म्हणून भागत नाही.

बांधावरून

मी सातारकडचा, शेतकरी. तुमचा इंटरनेटचा धंदा मला कळत नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंत त्याला आमच्याकडे शब्द आहे. सावड.

माझा एक बैल, शेजाऱ्याचा एक. औताला दोन लागतात. आज माझ्या रानात, उद्या त्याच्या. पैसा नाही, कागद नाही, वहीत नोंद नाही. कोणी पैरा म्हणतं, सांगली-कोल्हापूरकडे वारंगुळाही म्हणतात. इर्जिक वेगळी, गोंधळ करू नका: इर्जिकीत सगळा गाव एका दिवशी एकाच्या रानात उतरतो आणि तो सगळ्यांना जेवू घालतो. सावड दोघा-चौघांत, वर्षभर चालते.

आणि सावड बरोबरीच्यातच होते. ज्याच्या दावणीला आठ बैल तो माझ्याशी सावड कशाला करील? तो मला रोजाने बोलावतो. तुमचं ट्रान्झिट ते.

कोशातला किडा

वा! इंग्रजीतही 'पिअर' म्हणजे बरोबरीचाच. आणि 'पैरा' व 'पिअर' यांचा उच्चार इतका जवळ, की कुणीतरी उद्या व्युत्पत्ती जोडणार. संबंध काही नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

पण एक अडचण आहे. 'सावडणे' हे क्रियापद ऐकलं की तिसऱ्या दिवसाची राख आठवते. 'दोन्ही नेटवर्क सावडली' असं छापलंत तर वाचक नारळ घेऊन येईल.

दुभाषा

मग क्रियापद करायचंच नाही. 'सावड केली', 'सावडीत आहेत', 'सावड मोडली'. शहरातल्या वाचकाला शब्द नवा वाटेल, पण पहिल्या वेळी अर्धी ओळ खर्च करून सांगता येईल.

कागद नाही, नोंद नाही यावरून एक आठवलं, ते सांगतो. पॅकेट क्लिअरिंग हाउस नावाच्या संस्थेने २०११ साली जगभरातल्या अशा १ लाख ४२ हजारांवर जोडण्यांची माहिती गोळा केली. त्यातल्या ९९.५१ टक्के जोडण्यांना लेखी करारच नव्हता! मोठमोठ्या कंपन्या, पदरी वकिलांच्या फौजा, आणि व्यवहार बांधावरच्यासारखा तोंडी. हे वाचलं तेव्हा मला अतिशयोक्ती वाटली होती. बांधावरून यांचं वाचल्यावर वाटतं, यात नवल ते काय.

रातपाळी

थांबा, मी शंका काढतो. सावडीत मी तुमच्या रानात *काम* करतो. पिअरिंगमध्ये कोणी कोणाचं काम करत नाही. शिवाय पिअरिंगची मोठी अट ही की मी फक्त *तुमच्या* गिऱ्हाइकांपर्यंतचा माल तुम्हाला देणार. तुमच्यामार्फत पुढे तिसऱ्याकडे जाता येत नाही. रूटिंगमध्ये (कोणता माल कोणत्या वाटेने जाणार ते ठरतं तिथे) कोणी चुकून तसं जाहीर केलं तर बोंबाबोंब होते.

बांधावरून

अहो, आमच्याकडे वेगळं काय आहे? माझा बैल तुमच्या रानात येईल. तुमच्या मेव्हण्याच्या रानात तुम्ही परस्पर नेलात तर पुढच्या पेरणीला तुम्ही तुमचे आणि मी माझा.

रातपाळी

हरलो. सावड मान्य.

जर्सीकर

सावड मोडल्याचे किस्से तुमच्या मुलाखतींत येणारच, म्हणून दोन सांगते. लेव्हल थ्री आणि कोजंट या दोन नेटवर्क कंपन्या. ५ ऑक्टोबर २००५ला लेव्हल थ्रीने कोजंटबरोबरची जोडणी तोडली. वाद बरोबरीचाच: तुम्ही आता आमच्या तोडीचे नाही, तुमचा भार आमच्यावर जास्त पडतो, पैसे द्या. परिणाम असा की जे फक्त एकाचे गिऱ्हाईक होते त्यांना फक्त दुसऱ्याकडे असलेल्या साइट दिसेनात. इंटरनेट चालू, आणि तरी अर्धं गाव गायब. काही दिवसांनी जोडणी परत सुरू झाली आणि महिनाअखेरीला समझोता.

दुसरा गोड आहे, शब्दशः. २००९ साली हरिकेन इलेक्ट्रिक या आणखी एका नेटवर्क कंपनीने याच कोजंटसाठी केक करवून आणला, नेटवर्कवाल्यांच्या नॅनॉग या संमेलनात. केकवर आयसिंगने लिहिलेलं: कृपया आमच्याशी आयपीव्ही सिक्सवर (इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत) पिअरिंग करा. केक लोकांनी खाल्ला. पिअरिंग काही झालं नाही.

बांधावरून

केकने सावड होत नसते, ताई. वैरण टाकायला हवी होती.

जर्सीकर

'वाहकांचं हॉटेल' (कॅरियर हॉटेल, म्हणजे अनेक नेटवर्क कंपन्यांची यंत्रं एका छताखाली असलेली इमारत) यावरही बोलते, कारण त्यातलं एक मी रोज बघायचे. मॅनहॅटनमधलं ६० हडसन स्ट्रीट. १९३०च्या सुमाराला वेस्टर्न युनियन या तार कंपनीचं मुख्यालय म्हणून बांधलेली विटांची इमारत. खाली गडद विटा, वर जाताना उजळत जातात. तारा गेल्या, पण तारांसाठी केलेल्या वाटा भिंतींत होत्याच, त्यात फायबर आलं. आता असंख्य कंपन्यांची यंत्रं तिथे शेजारी शेजारी बसलेली आहेत. मी म्हणते, सरळ तारघर म्हणा. शब्द मराठीत होता, आपल्याकडची तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाल्यापासून तो रिकामा पडून आहे.

कोशातला किडा

तारघर सुंदर आहे आणि मला पटत नाही. साठीच्या पुढच्या वाचकाला लगेच खाकी कपड्यातला माणूस आणि घरातली रडारड आठवेल. हडसन स्ट्रीटपुरतं वापरा, तिथे तो खराच तारघर होता. पण लॉस एंजेलिसच्या वन विल्शरला काय म्हणाल? ती १९६०च्या दशकातली साधी तीस मजली कचेऱ्यांची इमारत.

दुभाषा

वन विल्शर माझ्या तिसऱ्या भागात आहे, आणि 'मला भेटा खोली' तिथलीच. चौथ्या मजल्यावर एक खोली, जिथे सगळ्या कंपन्यांची फायबरं येतात आणि एकमेकांना जोडली जातात. यंत्राने केलेलं भाषांतर वाचून वाटतं कोणीतरी लाजत बोलावतंय.

रातपाळी

आम्ही एमएमआर म्हणतो, मीट-मी रूम. मुंबई महानगर प्रदेश नव्हे. नवीन पोरं पहिल्या दिवशी हमखास फसतात: 'एमएमआरमध्ये जाऊन ये' म्हटलं की विचारतात, आपण आहोत कुठे मग?

जर्सीकर

'जोडखोली'?

दुभाषा

जोडखोली चालेल. उपशीर्षकात बसते.

आता शेवटचा मोठा काटा: न्यूट्रल. या धंद्यातले लोक हा शब्द देवाच्या नावासारखा घेतात. इक्विनिक्स ही १९९८ साली जे ॲडलसन आणि अल एव्हरी यांनी काढलेली कंपनी. तिचं नावच समता, तटस्थता आणि इंटरनेट एक्सचेंज या तिन्हींच्या इंग्रजी अक्षरांतून जुळवलेलं. 'कॅरियर-न्यूट्रल डेटा सेंटर'चं मी 'वाहक-तटस्थ' केलं आणि मलाच कसंतरी झालं.

कोशातला किडा

होणारच. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. भांडण नदीत चाललंय, हा काठावरून बघतोय. डेटा सेंटर काठावर कुठे आहे? नदी त्याच्या घरातूनच वाहतेय.

रातपाळी

धंद्यातला अर्थ साधा आहे. जागा देणारा स्वतः नेटवर्क विकत नाही. टेलिफोन कंपनीच्याच इमारतीत गाळा घेतला तर ती म्हणणार, लाइनही आमचीच घ्या. न्यूट्रल जागेत मालक म्हणतो, कोणाचीही घ्या, मला भाडं आणि विजेचे पैसे द्या.

बांधावरून

म्हणजे बाजार भरवतो, पण स्वतः पाल टाकत नाही.

दुभाषा

याहून चांगली व्याख्या मालिकेतल्या एकाही पाहुण्याने केलेली नाही. 'सर्वांना खुले' असं लिहितो आणि पहिल्यांदा येईल तिथे 'मालकाचं स्वतःचं दुकान नसलेलं' एवढं जोडतो. बाजार म्हणालात ते एक्सचेंजलाही लागू पडतं. सावड दोघांत होते, तर एक्सचेंजमध्ये एकच वायर टाकून पन्नास जणांशी होते. आपल्याकडे निक्सी ही एक्सचेंज चालवणारी संस्था २००३ साली उभी राहिली ती याचसाठी, की देशातल्या देशातला माल परदेशाची वारी करून येऊ नये. दादरची मेल अंधेरीला जायला अमेरिकेहून कशाला?

किरकोळ दोन राहिले. लेटन्सीला 'विलंब' नको, एवढं पक्कं. विलंब म्हणजे गाडी वेळापत्रकापेक्षा उशिरा. फायबरमध्ये उजेडाला हजार किलोमीटर जाऊन परत यायला दहा मिलिसेकंद लागतातच, त्यात उशीर कोणी केलेला नाही. 'लागणारा वेळ' लिहितोय. आणि रिडंडन्सी यंत्राने 'अनावश्यकता' केलीय! ज्याच्यासाठी कोट्यवधी खर्चतात ते अनावश्यक.

रातपाळी

स्टेपनी लिहा. एन प्लस वन म्हणजे चार जनरेटर लागतात तिथे पाचवा स्टेपनी. टू-एन म्हणजे अख्खी दुसरी गाडीच मागून रिकामी येतेय. आमच्या सुपरवायझरने मला असंच शिकवलं होतं, अजून विसरलो नाही.

दुभाषा

लिहिलं. पहिला भाग काल पाठवला. सावड, जोडखोली, स्टेपनी तिन्ही ठेवले आहेत. पलीकडून उत्तर आलं: 'स्टेपनी मस्त. सावड म्हणजे काय ते कळलं नाही, पण वाक्यावरून कळलं.'

रातपाळी

मीही काल रात्री प्रयोग केला. दुसऱ्या कंपनीच्या माणसाला फोन लावून विचारलं, 'तुमची-आमची सावड अप आहे का?' तो म्हणाला, 'सावंत सुट्टीवर आहे, सोमवारी फोन करा.'