मदत हवी आहे: वालय भात ठेंगणं करायचं आहे, पण पेजेची चव तीच हवी

नमस्कार मंडळी. आमचं गाव वेंगुर्ला तालुक्यात. घरी पिढ्यान्‌पिढ्या वालय लावतो, वर्षभराची पेज त्याच्याच उकड्या तांदळाची. अडचण अशी की भात छातीएवढं वाढतं आणि दाणा भरला की लोळतं. गेल्या साली दसऱ्याच्या सुमारास पाऊस लागून राहिला. भात चार दिवस पाण्यात आडवं पडलं, लोंब्यांना मोड आले. आई खळ्यात बसून चांगलं-वाईट वेगळं करत होती, बघवलं नाही. वाण बदला असं सगळे सांगतात. ते आम्हाला नको.

वाचताना कळलं की गॅमा किरणांनी हे साधतं. कॅलिफोर्नियात कॅलरोझ या उंच भाताच्या बियाण्यावर किरण सोडून १९७६ साली ठेंगणं कॅलरोझ ७६ काढलं. जपानचं रेमेई १९६६ चं, तेही गॅमा किरणांचंच. दोन्हींत एसडी१ हेच जनुक बदललेलं, जिबरेलिन, म्हणजे रोपाची उंची वाढवणारं संप्रेरक, तयार करण्यात ज्याचा हात असतो ते. ते मंदावलं की काडी तोकडी राहते. बाहेरचं जनुक घालावं लागत नाही, म्हणून माझा यावर जीव बसला आहे.

आता विचारायचं ते. किरण दिलेल्या बियाण्याच्या पहिल्या पिढीत फरक दिसत नाही, दुसऱ्या पिढीत चारातलं एखादं रोप ठेंगणं निघतं, तेही बदल झालेल्या वंशातच (वंश म्हणजे एका लोंबीची रोपं). मग प्रत्येक लोंबीचं बी वेगळं ठेवून एकेक काडी लावायची, तर सहा गुंठ्यांत किती वंश मावतील? माझ्याकडे दोन किलो निवडक बी आहे. किरणांची मात्रा कोण ठरवतं?

दुसरी भीती जास्त खरी. किरण एकाच जागी थोडेच लागतात! उंचीबरोबर चवही गेली तर? यासाठी म्यूटमॅप पद्धत वाचली: ठेंगण्या रोपाचा मूळ वालयशी संकर करायचा, दुसऱ्या पिढीतल्या फक्त ठेंगण्या रोपांचा डीएनए एकत्र करून त्याचं क्रमवाचन करायचं (म्हणजे त्यातली अक्षरं ओळीने वाचायची), जो बदल सगळ्यांत सापडेल त्याच्या आसपास कारण. जपानमध्ये हितोमेबोरे भातातलं खारं पाणी सोसणारं जनुक असंच सापडलं. उंचीचं जनुक आधीच माहीत असताना आम्हाला एवढं करावं लागेल, की एसडी१ तेवढं वाचून भागेल? आणि संकरातून नको ते बदल गळून जायला किती पिढ्या लागतात?

दापोली विद्यापीठात, कर्जतच्या भात केंद्रात किंवा तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात कुणी काम केलं असेल तर कृपया सांगा, अर्ज कुणाकडे करायचा. तरवा जूनमध्ये टाकतो, म्हणजे बी मे महिन्यात किरणांखालून परत यायला हवं.